डोक्यात जाणाऱ्यांना यानातून उतरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथेतल्या 'नकोशा' पात्रांवर जो लेख आला होता तो वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की विज्ञानकथेत महत्त्वाची असते ती कल्पना, मग छान कल्पना रंगात आलेली असताना मधेच तोंड घालणारे, अडखळत बोलणारे, सतत किरकिर करणारे, चारचौघांत कसं वागावं ते न कळणारे लोक कशाला हवेत, नुसता रसभंग, लावा कात्री आणि करा कथा सुटसुटीत. वाचून मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी भांडी आवरताना पण तेच डोक्यात चाललेलं, म्हटलं लिहूनच टाकू. पत्र लांबणार आहे. कापायचं असेल तर कापा, फक्त मधलं कापू नका, शेवटचं कापा.

आधी कबूल करते की लेखकाचं अर्धं म्हणणं मलाही पटतं. काही पात्रं अशी आहेत की ती पडद्यावर आली की मी पाणी प्यायला उठते आणि मुद्दाम हळू पिते. पण डोक्यात जातं म्हणजे बिनकामाचं, हे गणित काही मला जमलं नाही. कुणाच्या डोक्यात जातं आणि गेल्यावर कथेत पुढे काय होतं हे लेखकाने बघितलंच नाहीये, सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय.

आणि हे काही टीव्हीवाल्यांनी आणलेलं खूळ नाही हो. १८६४ साली ज्यूल व्हर्नची पृथ्वीच्या पोटात जायची कादंबरी आली, त्यातले प्रोफेसर लिडनब्रॉक आठवा. खनिजशास्त्रातले मोठे पंडित, पण वर्गात शिकवायला उभे राहिले की एखादं लांबलचक खनिजाचं नाव जिभेवर अडकायचं, कितीही जोर लावला तरी बाहेर यायचं नाही, शेवटी बाहेर पडायची ती शिवी, आणि पोरं नेमकी त्या शब्दाचीच वाट बघत बसलेली असायची, हसायला. घरी कुंड्यांमध्ये रोपं लावली तर हे रोज सकाळी जाऊन त्यांची पानं धरून ओढणार, लवकर वाढावीत म्हणून! असा माणूस घरात असला तर काय होईल विचार करा, आणि कथा सांगणारा पुतण्या अ‍ॅक्सेल त्याच घरात राहतो बिचारा.

मग एका जुन्या पुस्तकातून सांकेतिक भाषेतली चिठ्ठी पडते आणि काकांचं डोकं फिरतं. चिठ्ठी सुटेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही असं फर्मान, वर दाराला कुलूप. आता गंमत बघा, चिठ्ठीची किल्ली अ‍ॅक्सेलला चुकून सापडलेली असते. पण तो सांगत नाही, कारण काकांना कळलं तर ते चिठ्ठीत सांगितलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून खाली उतरणार आणि आपल्यालाही ओढून नेणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तोंड शिवून बसतो. रात्र जाते, दुसऱ्या दिवशीची दुपार होते, पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि शेवटी भुकेपुढे हात टेकून पोरगा सांगून टाकतो.

आता या प्रोफेसरला सुटसुटीत करा बघू. समजूतदार करा, आधी जेवून घेऊ मग निवांत बघू म्हणणारा करा. काय होईल? अ‍ॅक्सेल पोटभर जेवेल, गप्प बसेल, आणि पृथ्वीच्या पोटात कुणीही उतरणार नाही. ती सगळी सफर एका माणसाच्या अशक्य स्वभावावर उभी आहे, ज्वालामुखी नंतर येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. विज्ञानकथेत काहीतरी नवीन असतं, यंत्र म्हणा, ग्रह म्हणा, रोबॉटसाठीचा नियम म्हणा. आणि एक माणूस असतो ज्याला एक खोड असते. ती खोड जर त्या नव्या गोष्टीला जाऊन भिडत असेल तर तो माणूस कितीही डोक्यात जावो, त्याला हात लावायचा नाही. आणि भिडत नसेल, नुसता हशा पिकवायला कडेला उभा केलेला असेल, तर खुशाल काढा, मी आडवी येणार नाही. बाकीच्या कथांमध्ये तिरसट माणसाला फार तर कुणाचा तरी तिरसट सासरा नाहीतर शेजारी करता येतो. विज्ञानकथेकडे त्याची परीक्षा घ्यायला जे सामान आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाहीच.

उदाहरण देते. १९८८ साली बीबीसीवर 'रेड ड्वार्फ' नावाची विनोदी मालिका सुरू झाली. तीस लाख वर्षं उलटून गेलीयेत, एका अवाढव्य खाणजहाजावर लिस्टर नावाचा एकच माणूस जिवंत उरलाय, आणि त्याला वेड लागू नये म्हणून जहाजाचा कॉम्प्युटर मेलेल्यांपैकी एकाला होलोग्राम करून परत आणतो. सगळं दल मेलेलं, कुणालाही आणता आलं असतं. आणतो कुणाला, तर रिमरला! लिस्टरच्याच खोलीत राहणारा, उठसूट नियमावर बोट ठेवणारा, साहेबांपुढे गोंडा घोळणारा रिमर, ज्याने अधिकारी व्हायच्या परीक्षेत 'मी मासा आहे' हे वाक्य चारशे वेळा लिहिलं, मग एक छोटासा नाच केला आणि तिथेच बेशुद्ध पडला. लिस्टरला तो दोन मिनिटं सहन होत नाही. पण कॉम्प्युटरचा हिशोब बरोबरच म्हणायचा, ज्याच्याशी भांडायचंय असं कुणीतरी असलं की सकाळी उठायला कारण मिळतं. गोड माणूस आणला असता तर पहिल्या महिन्यात सगळं बोलून संपलं असतं आणि मग दोघं भिंतीकडे बघत बसले असते.

त्याच पहिल्या सिझनच्या शेवटच्या भागात तर कमालच आहे. रिमरला स्वतःचीच दुसरी कॉपी मिळते. त्याला वाटतं आता काय मज्जाच, जगात आपल्याला समजून घेणारा एकमेव माणूस भेटला, दोघं एका खोलीत राहायला जातात, आणि थोड्याच दिवसांत रात्रभर एकमेकांवर ओरडण्याचे आवाज. त्याच्या सगळ्या खोडी त्याच्याच अंगावर येतात आणि त्याला वाटत असतं की समोरचाच वाईट आहे. मला सांगा, हे साध्या कौटुंबिक कथेत कसं दाखवणार? डोक्यात जाणाऱ्या माणसाला त्याचाच रूममेट म्हणून आणून बसवायचं, हे फक्त इथेच जमतं. आणि तिथे हसता हसता रिमरची कीव यायला लागते, जी आधीच्या भागांमध्ये एकदाही आलेली नसते.

आता बुजऱ्या लोकांकडे येते, कारण लेखाने त्यांनाही त्याच पोत्यात घातलंय आणि माझा खरा राग तिथे आहे. डोक्यात जाणारा आणि बुजरा हे दोन वेगळे प्राणी आहेत. डोक्यात जाणाऱ्याला पत्ताच नसतो की आपण जातोय. बुजऱ्याला आधीपासून पत्ता असतो, खोलीत शिरण्याआधीपासून. मी स्वतः फोन लावण्याआधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेते, पहिला शब्द 'हॅलो' असतो, तो पण लिहिते. लिफ्टमध्ये ओळखीचं कुणी दिसलं तर जिन्याने जाते. तेव्हा 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' बघताना १९९०चा तो बार्कलीचा पहिला भाग लागला आणि माझा धाकटा भाऊ म्हणाला 'ताई, ही बघ तू', तर मला राग आला आणि मी तो भाग शेवटपर्यंत मान खाली न घालता बघितला.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही मालिका चोविसाव्या शतकातली. माणसं सुधारलीत, पैशाची हाव गेली, भांडणं संपली, यानावर सगळे हुशार, देखणे, नम्र, एकमेकांना वाक्य पूर्ण करू देणारे. कुणी जांभई सुद्धा देत नाही. आणि अशा यानात रेजिनाल्ड बार्कली नावाचा एक इंजिनिअर येतो जो कामावर उशिरा येतो, बोलताना ततपप करतो, मीटिंगमध्ये घाम पुसत बसतो, आणि रिकामा वेळ मिळाला की होलोडेकमध्ये, म्हणजे हवं ते जग खोटं खोटं उभं करता येतं त्या खोलीत जाऊन लपतो. तिथे त्याने आपल्याच साहेबांच्या नकली प्रतिकृती बनवलेल्या असतात, त्यात फर्स्ट ऑफिसर अगदी बुटका, आणि तिथे हा पठ्ठ्या तलवार घेऊन सगळ्यांना हरवतो.

आता बघा ते सुधारलेले लोक काय करतात. त्याला पाठीमागे टोपणनाव ठेवतात, ब्रॉकोली! त्याचा वरिष्ठ कॅप्टनकडे जाऊन म्हणतो याची बदली करा. कॅप्टन पिकार्ड नाही म्हणतो, उलट त्यालाच सांगतो की जा, त्याच्याशी मैत्री कर, आणि ते टोपणनाव आता बंद. आणि मग एका प्रसंगी तोच कॅप्टन, सगळ्या यानात ज्याच्या जिभेवर सगळ्यात जास्त ताबा, तो बार्कलीच्या तोंडावर त्याला मिस्टर ब्रॉकोली म्हणून जातो. चुकून. तो क्षण बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, आणि कॅप्टनच्या चेहऱ्यावर पण तोच गोळा दिसतो. तीनशे-चारशे वर्षांत दारिद्र्य गेलं, रोग गेले, पण वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला नाव ठेवायची सवय गेली नाही. हे दाखवायला परग्रहवासी चालला नसता, परग्रहवाशाशी हे लोक छानच वागतात, त्याचं त्यांना ट्रेनिंग असतं! ट्रेनिंग नाही ते आपल्याच शेजारी बसून घाम पुसणाऱ्या माणसाचं. म्हणून मी म्हटलं की कुणाच्या डोक्यात जातं ते बघा. बार्कली डोक्यात जातो म्हणून आपल्याला बाकीच्यांचं डोकं दिसतं.

आणि त्याला नुसतं दयेसाठी ठेवलेलं नाहीये. १९९२च्या एका भागात त्याला ट्रान्सपोर्टरची भीती वाटते, म्हणजे माणसाचे कण कण सुटे करून दुसरीकडे परत जोडणारं ते यंत्र. सगळे म्हणतात वेडा आहे का, विमानापेक्षा सेफ आहे. आपण इतके भाग त्या यंत्रातून लोकांना जाताना बघितलेलं असतं, एकालाही प्रश्न पडलेला नसतो. खरं सांगायचं तर शहाण्या माणसाला घाबरायलाच हवं! हा घाबरट डोळे उघडे ठेवून जातो आणि म्हणून त्याला त्या झगमगाटात काहीतरी हलताना दिसतं, अळीसारखं, आणि पुढे निघतं काय तर दुसऱ्या यानातली माणसं तिथे अडकलेली असतात, हाच एकाला मिठी मारून बाहेर आणतो. न घाबरणाऱ्या कुणालाही ती दिसली नसती. नंतर १९९९ मध्ये 'व्हॉयेजर' मालिकेत हाच माणूस परत येतो, तोपर्यंत व्हॉयेजर हे हरवलेलं यान शोधायचं वेड त्याला लागलेलं, त्या यानातल्या लोकांच्या प्रतिकृती बनवून त्यांच्याशीच गप्पा मारत बसतो, साहेब कामावरून काढतात, तरी चोरून आत घुसतो आणि यानाशी संपर्क लावून दाखवतो. होलोडेकची खोड तीच, पहिल्या भागात ज्याच्यामुळे सगळ्यांनी नावं ठेवली तीच. बरा झाला आणि मग उपयोगी पडला असं नाही, बरा झालाच नाही. हे मला फार आवडतं.

तर आता ज्यांच्यामुळे मी पाणी प्यायला उठते त्यांच्याबद्दल. त्याच 'नेक्स्ट जनरेशन'मधला वेस्ली क्रशर हा पोरगा. १९८७ला मालिका सुरू झाली तेव्हापासून प्रेक्षकांच्या डोक्यात गेला, कारण मोठी माणसं अडली की याच्याकडे उत्तर तयार, आणि ते बरोबर, दर वेळी बरोबर. चुकला तरी काही जात नाही. आगाऊपणाची किंमत मोजावी लागली असती, एकदा तरी कुणी त्याच्यामुळे जायबंदी झालं असतं आणि त्याला ते घेऊन जगावं लागलं असतं, तर त्याच आगाऊ पोराकडे लोकांनी वेगळ्या नजरेने बघितलं असतं, आणि पुढे पुढे लेखकांनी तसं थोडं केलंही. बाय द वे, बार्कलीला ब्रॉकोली हे नाव ठेवलं ते या वेस्लीनेच. प्रेक्षकांचा सगळ्यात नावडता पोरगा यानावरच्या सगळ्यात बिचाऱ्या माणसाला नाव ठेवतो, हे लिहिणाऱ्याने जाणूनबुजून केलं असेल तर सलाम.

'लॉस्ट इन स्पेस'मधले डॉ. स्मिथ बघा, १९६५ ते ६८ चाललेली मालिका. सुरुवातीला हा माणूस घातपाती असतो, यान बिघडवायला आत शिरतो, स्वतःच आत अडकतो, आणि त्याच्या जास्तीच्या वजनामुळे यान रस्ता सोडून भरकटतं. वा! नको असलेला माणूस अक्षरशः वजनाने कथेला वळण लावतो. इथपर्यंत माझा नियम फिट. पण लोकांना तो आवडायला लागला, नट पण कसलेला होता, मग हळूहळू घातपाती गेला आणि उरला एक किंचाळणारा, आळशी, रोबॉटला शिव्या घालणारा म्हातारा, दर आठवड्याला तेच. ज्या कुटुंबाची गोष्ट म्हणून मालिका सुरू झाली ते मागे उभं. म्हणजे लेखकाचं म्हणणं इथे खरं आहे, पण कारण वेगळं आहे हो. स्मिथ डोक्यात जातो म्हणून मालिका घसरली नाही, त्याच्या डोक्यात जाण्याने काही बिघडेनासं झालं म्हणून घसरली.

आणि जार जार बिंक्स. त्याचं नाव घेतल्याशिवाय हा विषय होत नाही आणि लेखकाने तर मथळ्याखाली फोटोच छापलाय. १९९९च्या 'स्टार वॉर्स'मधला तो लांब कानांचा. शेवटच्या लढाईत पायात यंत्रसैनिक अडकतो आणि त्याची बंदूक आपोआप सुटते, हातातून गोळे निसटतात आणि शत्रूच्या गाड्या उडतात. धांदरटपणा म्हणजे जिंकायची युक्ती! त्याला काही शिकावं लागत नाही, आपल्यालाही नाही. पण २००२च्या पुढच्या सिनेमात एक सीन आहे, तो लोक विसरतात. हाच जार जार सिनेटमध्ये उभा राहतो आणि चान्सलरला आणीबाणीचे अधिकार द्यावेत असा ठराव मांडतो. कुणीतरी गोड बोलून त्याला पुढे केलेलं असतं, आणि या भोळ्याला वाटतं आपण देशसेवा करतोय. पुढचं सगळं साम्राज्य त्या टाळ्यांमधून उभं राहतं. अहो हेच तर पहिल्यापासून करायचं होतं! बावळटाच्या चुकीने लढाई जिंकण्यापेक्षा बावळटाच्या सद्भावनेने लोकशाही बुडते हे शंभरपट भारी आहे. पण तोपर्यंत लोकांनी त्याला इतकं झोडपलं होतं की त्याला पडद्यावर जेमतेम काही मिनिटं मिळाली.

इथे एक सांगायलाच हवं. जार जारचं काम करणारा अहमद बेस्ट त्या वेळी तरुण होता, आणि २०१८ मध्ये त्याने स्वतः उघडपणे सांगितलं की त्या सगळ्या शिव्याशापांनंतर जीव द्यायचा विचार मनात आला होता. वेस्ली झालेला विल व्हीटन मालिका सुरू झाली तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पात्र डोक्यात गेलं तर लिहिणाऱ्याला पत्र पाठवा, माझ्यासारखं. बेस्ट २०२३ मध्ये 'स्टार वॉर्स'च्याच एका मालिकेत परत आला, या वेळी तलवार चालवणारा जेडाय म्हणून, ते बघून मला घरातल्या कुणाला तरी नोकरी लागल्यासारखं झालं.

लेखात अजून एक मुद्दा आहे की खऱ्या अवकाशयानात असली माणसं निवडलीच जात नाहीत, त्यामुळे ती दाखवणं अवास्तव. निवड कडक असते हे खरं. पण ऑक्टोबर १९६८ची अपोलो ७ मोहीम बघा. आधीच्या वर्षी जानेवारीत जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले होते, त्यानंतरचं हे अपोलोचं पहिलंच माणसांसहित उड्डाण, कमांडर वॉली शिरा, अनुभवी माणूस, आधी दोनदा जाऊन आलेला. वर गेल्यावर त्याला सर्दी झाली. वजनरहित अवस्थेत नाक वाहत नाही, सगळं आत साचून राहतं, शिंकरून शिंकरून कान दुखतात, आणि अशा डोक्याने अकरा दिवस एका डब्यात. मग काय, खालून टीव्ही प्रक्षेपण करा म्हटलं तर आज नाही, परतताना हेल्मेट घाला म्हटलं तर नाही घालणार, कानांवर दाब येतो. खालच्यांशी खटके उडत राहिले, बाकीचे दोघंही त्याच्याच सुरात, आणि त्या तिघांपैकी कुणीही परत अवकाशात गेलं नाही. मोहीम तांत्रिकदृष्ट्या उत्तम झाली बरं का. तर हे निवडून, पारखून, शिकवून पाठवलेले लोक. एक सर्दी! कुठल्या विज्ञानकथा लेखकाला सुचली असती?

आणि १९८२ मध्ये सॅल्यूत ७ या अवकाशस्थानकावर दोन सोव्हिएत अंतराळवीर २११ दिवस एकत्र राहिले, त्यातल्या लेबेदेव्हची डायरी नंतर छापली गेली, त्यात दोघांमधला ताण दिसतो. बंद डब्यात दोन माणसं ठेवली की एकाच्या चमच्याचा आवाज दुसऱ्याच्या डोक्यात जाणारच. मला तर उलट त्या कथा अवास्तव वाटतात ज्यात आठ जण चार वर्षं गुरूकडे जातात आणि कुणाच्या घोरण्यावरून एक शब्द होत नाही.

तरी उलट्या बाजूचीही एक चूक आहे आणि ती हल्ली फारच वाढलीये, तीही सांगून टाकते. बुजरा म्हणजे जीनियस. माणसं कळत नाहीत पण समीकरणं कळतात, डोळ्यात बघत नाही पण पासवर्ड तीन सेकंदांत फोडतो. असं पात्र आलं की मला आधीच कंटाळा येतो, कारण तो बुजरेपणा नसतोच, हुशारीचं लेबल असतं, बाटलीवर लावतात तसं. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना माणसं पण अवघड जातात आणि समीकरणं पण. आमचं काय?

याच्या उलट नीट केलेली दोन सांगते. अ‍ॅसिमोव्हची सुझन कॅल्विन, रोबॉटांची मानसतज्ज्ञ. १९४१च्या एका कथेत माणसांच्या मनातलं वाचणारा रोबॉट तयार होतो. कॅल्विन बाई कोरड्या, तुटक, लोकांशी जमत नाही, आणि मनातून एका सहकाऱ्यावर त्यांचं प्रेम आहे, जे त्या मेल्या तरी बोलणार नाहीत. रोबॉट सांगतो त्याचंही तुमच्यावर आहे. बाई चक्क नटून येतात ऑफिसला. आणि ते खोटं असतं. रोबॉटला माणसाला इजा करायची परवानगी नाही, आणि मन दुखावणं ही पण इजाच असं त्याने धरलेलं, म्हणून जो तो जे ऐकायला आतुर आहे तेच तो सांगत सुटतो. इजा म्हणजे काय हा त्या नियमाचा सगळा गाभा एका मुखदुर्बळ बाईच्या लिपस्टिकमधून बाहेर येतो. मनमोकळी बाई असती तर तिने सरळ त्या सहकाऱ्यालाच विचारलं असतं आणि कथा तिथेच आटोपली असती. आणि मग बाई जे करतात ते भयंकर आहे, त्या रोबॉटला उत्तर नसलेल्या प्रश्नात कोंडून कोंडून त्याचं डोकं कायमचं बंद पाडतात. बिचारी म्हणून हळहळावं तर ती अशी वागते.

दुसरं म्हणजे मार्था वेल्सचा मर्डरबॉट, पहिलं पुस्तक २०१७चं. सुरक्षेसाठी भाड्याने दिलेलं अर्धं यंत्र अर्धं मानवी शरीर, स्वतःला ताब्यात ठेवणारा भाग त्याने हॅक केलाय, आता वाटलं तर सगळ्यांना मारू शकतो. आणि करतो काय, तर मालिका बघतो. हजारो तास. माणसांनी हेल्मेट काढून तोंड दाखव म्हटलं की याची फे फे उडते, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि त्यांच्याकडे कॅमेऱ्यातून बघतो कारण समोरासमोर बघवत नाही. लिफ्ट सोडून जिन्याने जाणारी मी, मला ते वाचून किती बरं वाटलं काय सांगू. आणि इथेही खोड कल्पनेला भिडते, कारण बाकीची पात्रं त्याच्यावर विश्वास ठेवायला लागतात ते त्याच्या बंदुकांमुळे नाही, त्यांना कळतं की आपल्यापेक्षा जास्त तो आपल्याला घाबरतोय.

संपवते. पुरवणीत अशी पात्रं काढून टाकलेली, लेखकाच्या मते आदर्श अशी एखादी विज्ञानकथा छापून बघाच, मी शेवटपर्यंत वाचेन आणि कळवेन.

आणि जाता जाता एक दुरुस्ती. लेखात 'स्टार वॉर्स'मधला सी-थ्रीपीओ हा रोबॉट लघुग्रहांच्या पट्ट्यातून सुखरूप पार होण्याची शक्यता ३७२० ला एक सांगतो तो प्रसंग १९७७च्या पहिल्या सिनेमातला म्हटलाय. तो १९८०च्या दुसऱ्या सिनेमातला आहे. पहिल्यात लघुग्रहांचा पट्टाच नाहीये, तिथे ग्रह फुटल्यावरचे दगड आहेत.

आपली,
एक नियमित वाचक